विस्मृतीच्या आधीचा मेंदू

आमच्या कार्यालयात अधूनमधून एक वयोवृद्ध गृहस्थ येतात. १९५५ च्या सत्याग्रहाच्या दिवसांत पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन आग्वादच्या तुरुंगात गेलेल्या तरुणांपैकी ते एक. शेजारच्या कोठडीत कोण होते, पेजेत किती खडे निघत, कोणत्या शिपायाच्या मनात थोडी दयामाया होती, हे सारे ते आजही असे सांगतात की ऐकणाऱ्याने लेखणी हाती घ्यावी. गेल्या खेपेस ते आले, चहा घेतला, तुरुंगाची हकीकत सांगितली, आणि रिकामा पेला खाली ठेवून त्यांनी विचारले, "आज चहा नाही का सांगितलात?" सोबत आलेल्या कन्येने मान खाली घातली. वडिलांना खाली गाडीत बसवून ती पुन्हा जिना चढून आली आणि म्हणाली, "साहेब, डॉक्टर याला अल्झायमर म्हणतात. हे पुष्कळ वर्षांपूर्वीच सुरू झालेले असणार, असेही सांगतात. मग ते तेव्हाच कळण्याचा काही मार्ग नव्हता का?"

त्या क्षणी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधू लागलो तेव्हा वाट थेट रुग्णालयात गेली नाही. ती प्रयोगशाळेतील उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी जाऊन थांबली. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही वाटले.

आपल्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन टाकले आहे. 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणायचे, म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून हसायचे, आणि घरात पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे. वार्धक्यात नाव चटकन न आठवणे वेगळे आणि चहा प्यालो हेच न आठवणे वेगळे, हा भेद करण्याची तसदी आपण घेत नाही. पहिला वयाचा स्वभाव आहे. दुसरा रोग आहे, आणि प्रत्येक वृद्धाला तो होत नाही.

या रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते डॉक्टर आलोइस अल्झायमर जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात काम करीत असत. १९०१ मध्ये त्यांच्याकडे आउगुस्टे डेटर नावाची पन्नाशीतील स्त्री आली. तिला स्वतःचे नावही धडपणे लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा तिचा मेंदू मागवून घेऊन त्यांनी त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींच्या बाहेर कसला तरी साका जमला होता आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते झाले होते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. साका ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे कळायला पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. ॲमिलॉइडचा तो तुकडा जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी १९८४ मध्ये वेगळा काढला.

पण या सर्व काळात एक अडचण जशीच्या तशी राहिली. रोगाचे निश्चित निदान मृत्यूनंतरच होत असे. विझलेल्या घराची राख चाळून आग कोठे लागली हे सांगावे, तशातला हा प्रकार. राखेवरून आग लागली हे सिद्ध होते. पहिली ठिणगी कोठे पडली, माडीवर की चुलीपाशी, हे सिद्ध होत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा काप काढून पाहता येत नाही, आणि ज्याला अजून काही झालेलेच नाही अशा माणसाच्या मागे वीस वर्षे लागून राहणे कोणत्याही वैद्याला परवडत नाही.

येथे उंदीर आला. गणरायाचे वाहन म्हणून ज्याला आपण चवथीला दोन दूर्वा वाहतो आणि एरवी कोठारात सापळा लावून मारतो, तोच. त्याचे आयुष्य दोन वर्षांच्या आसपास, म्हणजे माणसाची चाळीस वर्षे ज्यात मावतील ती घडामोड त्याच्यात काही महिन्यांत पाहता येते. मात्र उंदराला स्वतःहून अल्झायमर होत नाही. त्याच्या ॲमिलॉइडची घडण माणसाच्या ॲमिलॉइडहून तीन दुव्यांनी निराळी असते आणि त्याचा साका सहसा जमत नाही. काही घराण्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या लवकर येतो. त्यांच्यातील दोषयुक्त मानवी जनुक शास्त्रज्ञांनी उंदराच्या बीजात घातला. १९९५ मध्ये असा पहिला यशस्वी उंदीर तयार झाला. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात कॅरन सियाओ यांनी स्वीडनमधील कुटुंबांत आढळलेला दोष वापरून दुसरा घडविला. वर्षभराच्या आत-बाहेर या उंदरांच्या मेंदूत साका दिसू लागे आणि पाण्याच्या हौदात लपविलेली पायरी शोधण्याच्या परीक्षेत ते चुकू लागत.

तरीही आरंभी येथेही राखच चाळली जात होती. तीन महिन्यांचे काही उंदीर मारायचे, सहा महिन्यांचे काही, वर्षाचे काही, आणि त्यांच्या मेंदूंची तुलना करून मधली कथा जुळवायची. आज साका नसलेला उंदीर उद्या कसा झाला असता, हे त्याला मारल्यावर कोण सांगणार? जिवंत मेंदूचे चित्र घेण्याच्या विद्येने ही कोंडी फोडली. तोच उंदीर तिसऱ्या महिन्यात, सहाव्यात, नवव्यात पुन्हा यंत्राखाली आणता येऊ लागला. त्यामुळे प्राणीही कमी मारावे लागतात. या गोष्टीला आम्ही कमी महत्त्व देत नाही. मुक्या जिवाला माणसाच्या औषधासाठी राबवायचे असेल तर निदान त्याचा व्यर्थ नाश तरी होऊ नये.

काम मात्र सोपे नव्हे. माणसाचा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. उंदराचा अर्ध्या ग्रॅमच्याही आत, चवळीच्या दाण्याएवढा. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक साधारणतः दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचे असते. उंदरासाठी सात, ९.४ किंवा त्याहूनही अधिक टेस्लाचे वापरतात. भूल दिलेल्या उंदराचे डोके दातांपाशी पकडून स्थिर करतात, खाली उबदार पाण्याची नळी फिरवतात, श्वास मोजत राहतात. एवढे करूनही एकेक साका टिपणे कठीणच, कारण त्याचा व्यास मिलिमीटरच्या विसाव्या-दहाव्या हिश्शाचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मंडळींनी २००४ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूतील असे कण एमआरआयवर दाखविले, तेव्हा ते मोठेच कौतुकाचे झाले.

याहून थरारक चित्रे मिळाली ती द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकातून. उंदराच्या कवटीला काचेची लहानशी खिडकी बसवायची, साक्याला चिकटणारे चमकते रसायन टोचायचे आणि खिडकीतून अवरक्त किरण सोडून आत पाहायचे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील संशोधकांनी या रीतीने तोच कोपरा दिवसामागून दिवस पाहिला. साका वर्षानुवर्षे हळूहळू साचतो, अशी सर्वांची समजूत होती. २००८ मध्ये त्यांनी दाखविले की काल जेथे काहीच नव्हते तेथे चोवीस तासांत साक्याचा कण उभा राहतो. एक-दोन दिवसांत मेंदूतील सफाई कामगार पेशी तेथे धाव घेतात, आणि पुढच्या काही दिवसांत शेजारून जाणारे चेतातंतू वेडेवाकडे होऊ लागतात. मृत मेंदूच्या शंभर वर्षांच्या अभ्यासातून हा क्रम कधीच कळला नसता. अर्थात ही खिडकी मेंदूच्या वरच्या थरापुरतीच, आणि माणसाच्या कवटीला ती कोण बसवू देणार?

पण आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचा भाग साका दिसण्याच्याही आधीचा आहे. जर्मनीत म्युनिक येथे चेतापेशींतील कॅल्शियमची चमक टिपून पाहिले गेले, तेव्हा साक्याजवळच्या पुष्कळ पेशी मंद नव्हे तर अतिउत्तेजित झालेल्या आढळल्या. आणि २०१२ मध्ये असे दिसले की हिपोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात ही उत्तेजना साका जमण्यापूर्वीच, ॲमिलॉइड अजून विरघळलेल्या स्थितीत असतानाच सुरू होते. बेल्जियममधील अँटवर्पच्या गटाने २०१६ मध्ये हीच गोष्ट एमआरआयवर दाखविली. उंदीर काहीही करीत नसताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रक्तप्रवाह कसा हेलकावतो, हे त्यांनी मोजले. पुढे ज्यांच्यात साका होणार होता त्या लहान उंदरांत या भागांचा मेळ कमी नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त जुळलेला होता. चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे यांना आपापला वाटा असतो. सगळ्यांनीच एकाच ठोक्यावर घाव घालायला सुरुवात केली तर आवाज वाढतो आणि आरती बिघडते. तसे काहीसे. अशा उंदरांना त्याच वेळी ॲमिलॉइडविरोधी प्रतिपिंड दिले असता हा अतिमेळ कमी झाला. रोग दिसण्याच्या आधीच उपचाराची एक खिडकी उघडी असते, असा त्याचा अर्थ.

आणि आमच्या सत्याग्रही गृहस्थांना आग्वाद आठवते पण चहा आठवत नाही, ते का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्कॉट स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक नमुनेदार काम प्रसिद्ध केले. हिपोकॅम्पसच्या उंबरठ्यावर एन्टोरायनल नावाचा एक छोटा पट्टा आहे. नव्या अनुभवाला स्मृतीच्या घरात जायचे तर याच दारातून जावे लागते. स्मृतिभ्रंश नसलेल्या ९६ वृद्धांच्या मेंदूचे सूक्ष्म एमआरआय काढून त्यांना सरासरी साडेतीन वर्षे पाहिले गेले. त्यांपैकी १२ जणांना पुढे अल्झायमर झाला, आणि त्यांच्या पहिल्या चित्रांतच या पट्ट्याचा बाहेरचा भाग मंदावलेला होता. हे झाले माणसाचे. त्याच प्रकारचे चित्र मग उंदरांचे घेतले, आणि ॲमिलॉइड व टाऊ हे दोन्ही दोष एकत्र आले की नेमका तोच भाग आजारी पडतो, असे आढळले. माणसाने जागा दाखविली, उंदराने कारण सांगितले. दार आधी मोडते, म्हणून नवा पाहुणा आत येत नाही. घरात सत्तर वर्षांपूर्वी शिरलेला पाहुणा मात्र अजून माजघरात बसलेला असतो.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की काम फत्ते झाले. तसे नाही, आणि हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. उंदीर पुष्कळदा खोटेही बोलतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी साक्याला चिकटणारे एक रसायन तयार केले आणि त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला. त्या कार्बनचे आयुष्य इतके अल्प, की वीस मिनिटांत तो निम्मा उरतो. रसायन बनवावे आणि लगेच शिरेत सोडावे लागते. २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे ते प्रथम रुग्णाला टोचले गेले आणि पेट स्कॅनवर जिवंत माणसाचा साका उजळून दिसला. अल्झायमरांनी जे मृत्यूनंतर पाहिले ते आता हयातीत दिसू लागले. पण गंमत पुढेच आहे. तेच रसायन त्याच संशोधकांनी रोगी उंदरांत घातले, तेव्हा त्यांच्या मेंदूत भरपूर साका असूनही चित्र जवळजवळ कोरे आले! उंदराच्या साक्यावर त्या रसायनाला घट्ट बसण्याच्या जागा माणसाच्या मानाने अगदीच थोड्या निघाल्या. जपानच्या संशोधकांनी २००७ मध्ये अधिक तीव्र किरणोत्सारी रसायन वापरून उंदरांतही चित्र मिळविले हे खरे. पण धडा असा, की दोन्हींचा साका सूक्ष्मदर्शकात सारखा दिसला तरी तो एकच पदार्थ नव्हता. त्यात भर म्हणजे ॲमिलॉइडच्या बहुतेक उंदरांत टाऊचे गुंते होत नाहीत आणि चेतापेशीही फारशा मरत नाहीत. माणसाचा मेंदू मात्र झिजून आकसतो.

या फरकाची किंमत माणसांनी मोजली आहे. १९९९ मध्ये उंदरांना ॲमिलॉइडचीच लस टोचली गेली. लहान वयात टोचलेल्यांत साका जवळपास झालाच नाही, मोठ्यांत तो कमी झाला. जगभर आनंद झाला. माणसांवरील प्रयोग २००२ मध्ये थांबवावा लागला, कारण लस घेतलेल्या सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांना प्रतिपिंडे दिली असता साका कमी झाला, पण मेंदूत बारीक रक्तस्राव वाढले होते. म्हणजे उंदराने एकीकडे खोटी आशा दाखविली आणि दुसरीकडे खरी धोक्याची सूचनाही दिली. पुढे प्रतिपिंडांचे प्रयोग एकामागून एक फसले. २०२२ च्या अखेरीस लेकॅनेमॅबचा निकाल आला: १७९५ रुग्ण, दीड वर्ष, आणि ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी. रोग थांबला नाही, मंदावला. औषध घेणाऱ्यांपैकी आठांतल्या एकाच्या मेंदूत सूज दिसली, म्हणून उपचार चालू असता पुनःपुन्हा एमआरआय काढावा लागतो. अमेरिकेत त्याची वर्षाची जाहीर किंमत साडेसव्वीस हजार डॉलर ठेवली गेली.

चित्रांविषयी बोलताना आणखी एक कटू गोष्ट नोंदविली पाहिजे. मिनेसोटाच्या त्याच उंदरांवर आधारलेला, ॲमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपाविषयीचा २००६ चा गाजलेला निबंध 'नेचर' नियतकालिकातून २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यातील चित्रांत अवाजवी फेरफाराच्या खुणा आढळल्या होत्या. ती चित्रे मेंदूची नव्हती, प्रथिनांच्या पट्ट्यांची होती. आणि एका निबंधाने सारे शास्त्र कोसळत नाही. परंतु अठरा वर्षे लोक त्याचा आधार घेत राहिले, हे शास्त्रज्ञांनी विसरू नये. वृत्तपत्रातील छायाचित्राला आम्ही जो नियम लावतो तोच प्रयोगशाळेतील चित्राला लावावा: मूळ प्रत कोणालाही तपासता आली पाहिजे.

मग या उंदरांच्या चित्रांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की उंदीर बरा झाला या बातमीवर आता कोणी नाचू नये. यंत्र तेच, पद्धत तीच, एकदा उंदरावर आणि एकदा माणसावर लावून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. जेथे ती जुळतात, जसे त्या एन्टोरायनल पट्ट्यात, तेथे उंदराचे ऐकावे; जेथे जुळत नाहीत तेथे औषध माणसाला देण्यापूर्वीच थबकावे. रोग कोठे आणि केव्हा सुरू होतो हे शोधायला चित्रविद्येसारखे साधन दुसरे नाही. घराण्यातून रोग येणाऱ्या कुटुंबांचा जो मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लक्षणांच्या सुमारे पंधरा वर्षे आधी पेट स्कॅनवर साका दिसत होता.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळात सर्वांत जास्त, आणि त्या खालोखाल आपल्या गोव्यात होते: ११.२ टक्के. देशात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचे अनुमान सांगते. त्यांतील सारे अल्झायमरचे नव्हेत, पण मोठा वाटा त्याचा. आणि आपल्या कित्येक वाड्यांवर आज चित्र कसे आहे? मुलगा आखातात, सून-नातवंडे लंडनला किंवा लिस्बनला, आणि चौसोपी घरात दोन म्हातारी माणसे, त्यांतले एक दुसऱ्याला ओळखेनासे झालेले.

येथे सरकारकडे आम्ही नऊ टेस्लाचे यंत्र मागत नाही. ते काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी होते, आणि कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या खेडुतांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचा जो उपक्रम तेथील मेंदू संशोधन केंद्राने चालविला आहे, त्याला पैसा कमी पडू नये एवढे केंद्राने पाहावे. गोव्यात हवे आहे ते याहून पुष्कळ साधे: प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस स्मृती तपासणारा, कोकणी-मराठीत प्रश्न विचारणारा माणूस. इंग्रजी कवायतीतले प्रश्न विचारून आमच्या आज्यांना वेडे ठरवू नका. थायरॉइडचा दोष, 'ब' १२ जीवनसत्त्वाची उणीव, बहिरेपणा, मनाची उदासी, यांनीही विसराळूपणा येतो आणि तो पुष्कळदा बरा होतो. हे आधी पाहिले गेले पाहिजे. रक्तदाब आणि मधुमेह चाळिशीतच आवरले तर पुढचा धोका कमी होतो, हेही सांगणारे कोणी हवे.

उलट, धडधाकट माणसाला 'अल्झायमर आहे का पाहा' म्हणून स्कॅनची जाहिरात करणाऱ्यांपासून वाचकांनी सावध राहावे. कित्येक निरोगी वृद्धांच्या मेंदूतही साका असतो आणि ते अखेरपर्यंत हिशेबाची वही स्वतः लिहितात. अमेरिकेत मे २०२५ मध्ये या रोगाच्या निदानास साहाय्य करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, तीदेखील लक्षणे असलेल्यांसाठीच. जी चाचणी केवळ भीती देते आणि पुढे काय करावे हे सांगत नाही, ती घेऊन माणसाने काय करायचे?

हाच प्रश्न त्या कन्येलाही लागू होतो, आणि तिला उत्तर देणे आमच्याकडे बाकी होते. परवा आम्ही तिला दूरध्वनी केला. वडिलांच्या मेंदूत पहिला कण बहुधा २०१० च्या सुमारास किंवा त्याही आधी उभा राहिला असेल, हे सांगितले. त्या वेळी पेट स्कॅनवर तो दिसू शकला असता, पण ही सोय परदेशातील मोजक्या संशोधन केंद्रांतच होती. आणि दिसला असता तरी देण्याजोगे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वेळेला कदाचित असेल." मागून बाबांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी आग्वादच्या पेजेची गोष्ट सांगत होते.